मॅनेजरांच्या डोक्यावरची पळी

अन्याय झाला तो आमच्या सहलीच्या स्वैपाकीण मावशींवर. सेहेचाळीस सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी बरोबर साडेनऊला, भंडारदऱ्याच्या धरणाजवळ. घड्याळ सहलीच्या मॅनेजरांचंच होतं, म्हणून वेळ नक्की सांगतो.

नगरहून निघालेली ती चार दिवसांची मोटारसहल. प्रवास, मुक्काम, चहा, दोन वेळचं जेवण, सगळं एका तिकिटात. सहलीच्या पत्रकात छापलं होतं, 'निसर्गाचा मनमुराद आस्वाद'. पत्रकं तेव्हा मीही लिहायचो, सभांची. पण इतकं खोटं छापायची छाती माझी कधी झाली नाही. मॅनेजरांच्या गळ्यात शिट्टी असे. शिर्डीला दर्शन झालं की शिट्टी, संगमनेरला प्रवरेचं पाणी दिसलं की शिट्टी. माझा बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत बघायचं. ऊन कुठून येतंय ते पाहीपर्यंत मंडळी गाडीत. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी मला ओवा आणून दिला.

"सारखा पोट धरून उभा असतोस रे. घे, लाजू नकोस."

रोलवर फोटो आठ. लढाई नुकतीच संपलेली, रोल मिळायची मारामार. भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा दोन उरले होते. झालेल्या सहांपैकी तिनांत मॅनेजरांची पाठ आली होती.

"ग्रुप फोटो काढा," मॅनेजर म्हणाले. "पुढच्या पत्रकावर छापू."

ते स्वतः मधल्या खुर्चीत बसले. बाजूला गाडीतल्या पुढच्या बाकांवरची मंडळी, मागे मागच्या बाकांवरची. मावशी पदराला हात पुसत आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या.

"मावशी, तुम्ही पातेली आवरा. हा सहलीतल्या मंडळींचा फोटो आहे."

"आन् मी काय बैलगाडीनं आले व्हय?"

कुणी हसलं नाही. तीन दिवस त्यांच्या हातचं पिठलं-भाकरी चापणारी वीस माणसं एकदम धरणाकडे बघायला लागली. मीही. मावशी परत चुलीकडे गेल्या. तेव्हा कुठे मला लाज वाटली आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे गेलो.

"मावशी, उभ्या राहा."

"ऱ्हाऊ दे दादा. म्हागाचा आसंल त्यो रोल."

"उभ्या राहा म्हणतो ना."

"आजवर कुनी काडलाच न्हाई माजा फोटू. पदर नीट हाय का?"

पळी हातातच राहिली. मी अगदी जवळून बटण दाबलं. तिकडून शिट्टी. मी रागारागात धावत आलो आणि ग्रुप फोटो उरकला.

मधे रोलची किल्ली फिरवायची राहिली. मुद्दाम केलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं, विसरलो, एवढंच. एकाच चौकटीत दोन्ही फोटो उमटले. वीस माणसं ओळीनं बसली-उभी, आणि मधोमध, सगळ्यांहून दुप्पट उंच, धुरासारख्या मावशी. पळी नेमकी मॅनेजरांच्या डोक्यावर.

फोटो बघायला मॅनेजर माझ्या घरी आले. "नेगेटिव्हवरनं त्या बाईला खरवडून काढा."

"तुम्हांलाच खरवडतो की. एकच टाळू आहे, लगेच होईल."

ते चहा न घेता गेले. मी वीसही जणांना प्रती पोस्टानं पाठवल्या. दोघांच्या परत आल्या. एका पाकिटात चिठ्ठी होती : फोटोत हडळ आली आहे, घरात ठेवता येत नाही. हडळ म्हणे. जिला रोज आणखी एक भाकरी मागत होते, तिचं तोंड ओळखता आलं नाही यांना.

मावशींची प्रत मी संगमनेरला त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती हात लांब करून धरली.

"आरपार दिसतीया मी."

मी चुकलो म्हणून सांगू लागलो.

"आसू दे. मदोमद हाय ना? आन् ह्यो शिट्टीवाला बग कसा बसलाय. वाडायची वाट बगतोय."

त्या वीस जणांपैकी कुणी हे वाचत असाल, तर तो फोटो बाहेर काढा आणि पाठीमागे शाईनं लिहा : 'मधल्या बाईंनी आम्हांला जेवू घातलं.' आणि बाकीच्यांनो, पुढच्या सहलीत फोटोसाठी ओळ लागली की आधी चुलीकडे जा आणि तिथल्या बाईला ओळीत आणा. ती येऊन उभी राहीपर्यंत कुणाला बटण दाबू देऊ नका. शिट्टी वाजली तरी.