आठ दातांचा परण्या

ये, अशी जवळ सरक. आणि आधी बोलणी खा! आईकडून अर्धी गोष्ट ऐकायची, फिदीफिदी हसायचं, आणि मोठ्या काकूला विचारायचंसुद्धा नाही? बरं, कबूल. तुझ्या आईबापाचं लग्न मी ट्रकचे दात मोजून मोडत आणलं होतं.

सत्तरीतली सालं ती. (नेमकं साल विचारू नकोस, त्यात माझं वय निघतं!) सोलापुरात आमचा एक ट्रक होता. ट्रक तुझे मोठे काका चालवायचे आणि काकांना मी. तुझा बाप वसंता, माझा धाकटा दीर, तिशी ओलांडून बसलेला. पाच स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. सहावं मैंदर्गीचं. तुझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लई कडक माणूस. बैठकीतच त्यांनी बजावलं होतं, "तुमी शिस्तीची मानसं दिसता, म्हनून पोरगी देतोय. दुसरं कायबी बघितलेलं न्हाय."

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि ट्रकचा पिनियन गेला. पिनियन म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारं दातेरी लोखंड. गफूरमिस्त्रींच्या शेडमध्ये गेलो, तर त्यांनी दोन जुने पिनियन समोर मांडले.

"भाभी, ह्यो सहा दातांचा. हळू चालतो, पन वझं वढतो. ह्यो आठ दातांचा, बसमधनं काढलेला. पळतो लई, पन वझ्याला न्हाय."

आता मी कोण? जनावरांच्या व्यापाऱ्याची लेक! बैलांच्या जबड्यात हात घालून दात मोजतच मी मोठी झाले. सहा दाती बैल म्हणजे अजून पोर. आठ दात आले की बैल जुळला, म्हणजे पुरा वयात आला, मग घाला कितीबी ओझं!

"मिस्त्री, सहा दाती कुटं वझं वढतो? आठवाला बसवा."

"भाभी, ह्यो बैल न्हाय. लोखंड हाय."

"दात ते दात!"

मिस्त्रींनी काकांकडं बघितलं. काकांनी छताकडं बघितलं. आठ दाती बसला.

वऱ्हाड घेऊन निघालो, तर ट्रकनं यष्टीला मागं टाकलं. मी केबिनमध्ये फुगून टम्म! "बघा, जुळलेला हाय!" काका म्हणाले, "पळतोय खरा. पन चढाला धापा टाकतोय." मी म्हटलं, "नव्या घरात आलाय, रुळंल की."

रुळला नाही. मैंदर्गीत मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला, नवरदेवाची मिरवणूक गं. पुढं बँड, मधी नाचणाऱ्या बायका, मागं ट्रक. ट्रकात केळीच्या खुंटांमध्ये खुर्चीवर तुझा बाप, बाशिंग बांधून. बँडवाल्यांनी सूर लावला, काकांनी क्लच सोडला आणि ट्रक निघाला थेट बँडच्या अंगावर!

माणसाच्या चालीनं चालणं त्या पिनियनला ठाऊकच नव्हतं. पहिल्याच गेरात तो दुडक्या चालीनं पळायचा. क्लच दाबून धरावा तर जळका वास, ब्रेक दाबावा तर इंजिन बंद. हँडल मारून पुन्हा सुरू केलं की असा गचका, की वसंता खुर्चीसकट मागं!

"वैनी, आवरा की!" तो वरनं ओरडला.

"थांबवू का गं?" काकांनी विचारलं.

"थांबलेला परण्या अशुभ असतो! हाना!" (हे मीच बोलले. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागा नाही.)

बायका नाचत नाचत दोन्ही बाजूंच्या घरांत शिरल्या. सनईवाला आधी चालत होता, मग झपझप, मग धोतर खोचून. ताशेवाल्यानं ताशा डोक्यावर घेतला आणि गटार ओलांडलं. पारावरनं एक म्हातारे ओरडले, "निधान री, निधान!" कानडीत हळू म्हणतात त्याला. त्या निधानाला आमच्याकडं गेरच नव्हता!

दोन तासांचा परण्या बारा मिनिटांत पोचला. मांडवाची कापडी कमान केबिनला गुंडाळून आम्ही दारात! समोर तुझे आजोबा बनियनवर, एक गाल साबणानं पांढरा, हातात वस्तरा. दारामागं तुझी आई ओल्या केसांनी उभी. आचारी अजून चूल फुंकत होता.

"हे लगीन हाय का दरोडा?" आजोबांनी वस्तरा उगारला. "शिस्तीची मानसं म्हनं! न्हाय द्यायची पोरगी. फिरवा गाडी!"

मी वर बघितलं. वसंताचं तोंड बाशिंगाआड होतं, पण मुंडावळ्या थरथरत होत्या. मी खाली उतरले आणि जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली. (दुसरी वेळ अजून यायची आहे.)

"पावणं, पोराचा काय बी दोष न्हाय. दात मी मोजले." सगळं सांगून टाकलं, मिस्त्रींचं बोलणंसुद्धा.

आजोबा साबणाचा गाल खाजवत राहिले.

"सहा दाती आन् आठ दाती?"

"व्हय."

"आन् तुमी आठ दाती घेतला?"

"व्हय."

"मग बराबरच घेतला की! मीबी त्योच घेतला असता! त्या मिस्त्रीला काय कळतंय?"

दारामागं तुझी आई खो खो हसायला लागली आणि लग्न वाचलं.

पण परण्या पुन्हा व्हायलाच हवा, असं आजोबांचं म्हणणं. इंजिन बंद ठेवून त्यांनी ट्रकला आपल्या दोन बैलजोड्या जुंपल्या, आणि निघालो परत देवळाकडं, तिथनं पुन्हा मिरवत यायला. बँडवाले मात्र ट्रकपुढं उभे राहायला तयार होईनात. "आमच्या आन् ट्रकच्या मदी त्या बाईला चालू द्या, मगच वाजवतो!" म्हणून सगळा परण्याभर मी शालू नेसून, नथ घालून बैलांपुढं चालले. नवरदेवाची सख्खी वैनी मी, आणि मिरवणुकीत मला मान काय, तर ब्रेकचा!

असू दे. आता लवकर ये परत, चार दिवस राहायलाच ये. आईला मात्र आणू नकोस. ती म्हणते, बारा नाही, चांगली वीस मिनिटं लागली होती. ती असली की मला मनासारखं सांगताच येत नाही!