डाव्या पायावर

ती क्लबात आली त्या दिवशी मला मिठी मारून सगळ्यांना म्हणाली, "आम्ही दोघी नगरच्या!" मी हसले. मनात म्हटलं, आलीस का, बरं झालं.

आमची गाठ आधी जिल्ह्याच्या फुटबॉल कॅम्पात पडली होती. मी पाथर्डी तालुक्यातली, आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. ती नगर शहरातली, गोल मारणारी, सगळ्यांची लाडकी. आमच्या गाद्या शेजारीशेजारी होत्या. यंदा मी तोडीला जाणार नाही, शिर्डीला मावशीकडे राहून खेळणार, हे मी तिला विश्वासानं सांगितलं होतं.

निवडीच्या दिवशी मधल्या फळीत एकच जागा उरली. एक मी, दुसरी तिची मैत्रीण. ती सगळ्यांसमोर सरांना म्हणाली, "सर, हिला घेऊन काय उपयोग? दिवाळी झाली की ही जाणार ऊस तोडायला. अर्धा कोयता आहे ती."

तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. हा शब्द मीच तिला सांगितला होता. पोरी खिदळल्या. आई मला भाकरी द्यायला आली होती, ती कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. "न्हाई सर, मी राहनार हाय," मी म्हणत होते. घाबरले की माझी बोली गावची व्हायची, त्यावर पोरी आणखी हसल्या. सरांनी मैत्रिणीला घेतलं. निवडच झाली नाही, मग शिर्डीला राहायचं कारणही उरलं नाही. त्या वर्षी मी खरंच तोडीला गेले. उसाच्या पात्यानं हात चिरायचे आणि मोळी बांधताना मला तिचं तोंड दिसायचं.

पुढच्या वर्षी मावशी स्वतः येऊन मला घेऊन गेली. सकाळी तिच्या दुकानात हार ओवायचे, संध्याकाळी मैदान. मग पुण्यातल्या एका क्लबनं मला घेतलं आणि हळूहळू तिथल्या मधल्या फळीचं माझ्यावाचून चालेना. तेवढ्यात ती आली, एका हंगामाच्या करारावर.

बॉल कुणाला आणि कसा द्यायचा, हे मधल्या फळीतली ठरवते. सुरुवातीला मी तिला बॉल दिलाच नाही. आमच्या प्रशिक्षक बाई ओरडल्या, "ती मोकळी होती, दिसत नाही का?" मग मी शहाणी झाले. तिचा डावा पाय कच्चा होता. मी तिला भरपूर पास द्यायला लागले, सुरेख, वेळेवर, आणि प्रत्येक वेळी डाव्या पायावर. ती वळून उजव्यावर घेईपर्यंत कुणीतरी बॉल काढून न्यायचं. डाव्यानं मारला की तो बाहेर. बाई मला शाबासकी द्यायच्या, तिला झापायच्या.

"उजव्यावर दे ना गं," ती एकदा म्हणाली.

"देते की."

दिला नाही.

शेवटी तिला बाकावर बसवलं. परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू मुद्दाम करतेस."

"हो."

"काय घोडं मारलंय मी तुझं?"

"अर्धा कोयता," मी म्हणाले.

"म्हणजे काय?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शप्पथ, लक्षात नाही गं. पण म्हणाले असेन तर सॉरी."

असेन तर! नुसतं सॉरी म्हणाली असती तर कदाचित मी थांबले असते. पुढच्या सामन्यात शेवटी शेवटी तिला आत पाठवलं. गोलसमोर ती एकटी होती. मी पास दिला. डाव्या पायावर.

तिचा करार वाढवला नाही. ती बॅगा घेऊन रिक्षात बसली तेव्हा मी वर खिडकीत चहा पीत उभी होते. चहा गोड लागला, खोटं कशाला बोलू.

आईला फोन केला. "ती नगरची पोरगी गेली घरी."

"कॅम्पातली व्हय? का गं?"

"गोल होईनात तिच्याकडून."

मला वाटलं, आता म्हणेल, बरं झालं.

"लई वाईट झालं," आई म्हणाली. "घेऊन ये तिला एकदा जेवायला."

"आई, ती तुझ्यासमोर काय बोलली होती..."

"ऐकलं हुतं मी. ध्यानात हाय माज्या."

"मग?"

"मग काय? जेवायला घेऊन ये."

मी फोन ठेवला. तिला अजून बोलावलेलं नाही. बोलावणारही नाही.