दफनभूमीत वाजेल अशी गिटार

"मॅडम, लाईव्ह वाजवायची असेल तर पिकअपवालीच घ्या," विरारचा दुकानदार मला म्हणाला. "वायर लावली की थेट स्पीकरमधून आवाज. वाजवता कुठे तुम्ही? हॉटेलात की लग्नात?"

"दफनभूमीत," मी म्हणाले.

तो हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. मी हसले नाही तेव्हा त्याने हातातली गिटार हळूच परत खिळ्याला टांगली.

"तिथे प्लग नसतो," मी सांगितलं. "वारा असतो, पाऊस असतो, आणि लोक रडत असतात. त्यात टिकेल आणि ऐकू येईल अशी दाखवा. आणि मला परवडेल अशी."

वीस वर्षं मी आमच्या पाचूबंदरच्या चर्चमधल्या गायनमंडळात गिटार वाजवते आहे. रविवारची मिस्सा, लग्नं, नाताळ, हे सगळं माझ्यावाचून अडत नाही. तिथे कीबोर्ड आहे, माईक आहेत, हौशी पोरं-पोरी आहेत. माझं खरं काम मयताला. घरापासून चर्चपर्यंत जपमाळ चालते, चर्चमध्ये कीबोर्ड वाजतो, पण खड्ड्यापाशी फक्त माझी गिटार आणि बायकांचे आवाज. पाऊस असला तर कोणीतरी छत्री धरतं. गिटारवर, माझ्यावर नाही.

आणि तिथलं शेवटचं गाणं उचलायची माझी आत्या. म्हणजे वडिलांची बहीण. उभा जन्म तिने मासळी बाजारात पाटी मांडली, त्यामुळे आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघायचं. ती पहिली ओळ म्हणायची, मग बाकीच्या बायका तिच्यामागून यायच्या. असा काही नियम नव्हता. पण तिच्याआधी तोंड उघडायचं कोणाला सुचत नसे.

माझी जुनी गिटार मी पहिल्या पगारात घेतली होती. दिसायला देखणी, अंगाने नाजूक. आमच्या घरापासून समुद्र इतका जवळ की कपाटातल्या कात्रीलाही गंज चढतो. तिथे ती बिचारी इतकी वर्षं उभी राहिली हेच खूप. ओल तिच्या आत मुरत चालली आहे हे मला दिसत होतं. आज बघू, उद्या बघू म्हणत मी काणाडोळा केला. हा माझा जुना आजार.

गेल्या ऑगस्टमध्ये एका म्हाताऱ्या नाखव्याचं दफन होतं. पेटी दोरांवर खाली जात होती. आत्याने गाणं उचललं होतं. आम्ही दुसऱ्या कडव्यावर आलो आणि गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा खाली ज्या लाकडी पट्टीला अडकवतात ती पट्टी, फाटकन उखडून आली. लोक दचकले. मी लोंबणाऱ्या सहा तारा घेऊन उभी.

आत्याचा दम तोवर कमी झाला होता. प्रत्येक ओळीनंतर तिला थांबून श्वास घ्यावा लागायचा आणि तेवढा वेळ गिटार सूर धरून ठेवायची. आता धरायला काही उरलं नाही. एक बाई वरच्या सुरात गेली, एक खालच्या, बाकीच्या रडण्यात वाहून गेल्या. गाणं विस्कटलं आणि थांबलं. नाखव्याची मुलगी हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." त्यानंतर फक्त माती पडल्याचा आवाज. मूठमाती टाकताना मला मान वर करवेना.

संध्याकाळी आत्याकडे गेले. ती खाटेवर उशांना टेकून बसली होती.

"त्याचं गानं अर्धं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"माहितीये मला."

"मना अशी नको नेऊस."

"तू कुठे चाललीस एवढ्यात?"

"सगले जातात तिथंच. डाक्टर काय बोलला ते मना कलत नाय काय?" तिने माझं मनगट धरलं. "मना गान्यानं ने, बाय. पुऱ्या गान्यानं. शब्द दे."

मी शब्द दिला. माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला. आत्या गेल्यावर तिचं गाणं अर्ध्यावर तुटू द्यायचं नाही, बाकी काही का होईना.

पुढच्याच रविवारी गायनमंडळात विषय निघाला. कोणीतरी सुचवलं की एक ब्लूटूथ स्पीकर घेऊ, रेकॉर्ड केलेली गाणी लावू, ना पावसाची भीती ना सुराची. फादरांनीही मान डोलावली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे गावाला ठाऊक आहे. "म्हणजे माणूस गेला की आपण बटण दाबायचं?" मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. फादर शांतपणे म्हणाले, "मग पुढच्या वेळी गिटार नीट हवी." पुढची वेळ काही सांगून येत नाही. उद्याही येऊ शकते.

मी बोळिंजला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि सुटल्यावर गिटारची दुकानं पालथी घालायची, असं सुरू झालं. वसई झाली, नालासोपारा झालं, मग विरार. प्रत्येक दुकानदाराचं ब्रह्मज्ञान वेगळं. त्यातून मला एवढं कळलं की ज्या गिटारची वरची फळी एकसंध लाकडाची, तिचा आवाज भरदार, पण हवा बदलली की ती फळी फुगते, आक्रसते, चिरते. ज्यांची फळी थर चिकटवून केलेली, प्लायसारखी, त्यांचा आवाज थोडा कोंडलेला, पण त्या हवेला भीक घालत नाहीत. शिवाय तारा पिळायच्या खुंट्या झाकलेल्या हव्यात, म्हणजे खारं वारं आत शिरत नाही. ब्रिज नुसता डिंकावर नको, स्क्रूनेही आवळलेला बरा. गिटार उलटी करून, आत मोबाईलची बॅटरी मारून मी सांधे तपासायला लागले तेव्हा एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट कधी मिळणार?"

विरारच्या त्या दुकानात शेवटी दोन उरल्या. एक मोठी, रुंद पोटाची, एकसंध फळीची. एक तार छेडली तरी दुकान भरून जायचं. दुसरी लहान अंगाची, प्लायची, उकळून काळ्या झालेल्या चहाच्या रंगाची, आवाजाला चिरकी. किमती जवळजवळ सारख्याच. माझा जीव मोठीत अडकला. आयुष्यात एकदा तरी आपल्याकडे चांगली वस्तू असावी, असं मला फार वाटत होतं. तिला गोधडीत गुंडाळून ठेवीन, तिच्या खोक्यात ओल शोषायला तांदळाची पुरचुंडी टाकीन, रोज पुशीन, असे मी मनात नवस बोलत होते.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मना घेऊन चल."

"तुला जिने चढवत नाहीत."

"जिने चढायला नाय बोलले. ऐकायला बोलले."

तिच्यापुढे माझं काही चालत नाही. रिक्षा केली. दुकानाला सहा पायऱ्या. आत्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि रिक्षातच मांडी ठोकली. रिक्षावाला कुरकुरला, मागची बस हॉर्न मारायला लागली. दुकानदार दोन्ही गिटारी घेऊन पायरीवर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं की आजवर गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली, पण हे काही निराळंच.

मी आधी मोठी वाजवली. वाजवताना माझ्याच छातीत घुमत होतं. डोळे मिटून वाजवली. मग लहान वाजवली, जराशा नाराजीनेच.

"परत," रिक्षातून आवाज आला.

परत दोन्ही वाजवल्या. या वेळी आत्याने त्या बस-रिक्षांच्या गोंगाटात स्वतःच पहिली ओळ म्हटली. श्वासासाठी थांबली, ऐकलं, पुढची ओळ म्हटली. रस्त्यावरचे चार लोक उभे राहिले. मयताचं गाणं आहे हे त्यांना काय माहीत. एकाने तर मोबाईल काढला.

"ती लहान घे," आत्या म्हणाली.

"आत्या, तिचा आवाज किरकिरा आहे. मोठीचा बघ किती गोड आहे."

"गोड हाय. पन ती पोटातल्या पोटात बोलते. तुजं तुना ऐकू येतं, मना नाय. हिथं बसून मना नुसतं घूं घूं." तिने दम घेतला. "रडनाऱ्या बाईच्या कानात काय शिरतं? गोड नाय शिरत. टोचलं तर शिरतं."

मला राग आला, आणि ती बरोबर आहे हे कळत होतं म्हणून जास्तच आला. दुकानदार मान हलवत म्हणाला, "आजींचं खरं आहे. मोकळ्यावर जाडा आवाज पांगतो. मधला आवाज लांब जातो." मग हे आधी का नाही सांगितलंत, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी लहान गिटार घेतली. मोठीकडे निघताना एकदा बघितलं, हे कबूल करते.

हिवाळ्यात चार दफनं झाली. आत्या प्रत्येक ठिकाणी यायची. खड्ड्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, माझ्या पदराला हात लावून. मी सूर द्यायची, ती पहिली ओळ उचलायची, पुढे बायका. एकदा वाऱ्याने फुलांचं चक्र उडवून नेलं, तरी गिटार मागच्या माणसाला ऐकू आली. स्पीकरचं नाव कोणी काढलं नाही. मी मनात म्हणायची, आता काही चुकायचं उरलेलं नाही.

मार्चमध्ये आत्या गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मी आधी भरपूर रडून घेतलं. मग गिटारला नव्या तारा चढवल्या, प्रत्येक खुंटी तपासली, ब्रिज अंगठ्याने दाबून पाहिला. शब्द दिला होता.

दफनभूमीत अख्खं बंदर लोटलं होतं. पेटी दोरांवर घेतली. मी सूर दिला. गिटार स्वच्छ वाजली.

कोणी गायलं नाही.

मी पुन्हा सूर दिला. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, पेटीकडे बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं. त्या सवयीने आत्याची वाट बघत होत्या, की ती पहिली ओळ उचलेल. खोटं कशाला बोलू, मीही तिचीच वाट बघत होते. इतके महिने फळी, डिंक, खुंट्या, आवाज सगळं पारखून झालं होतं, आणि तिच्या दफनाला गाणं उचलणार कोण, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पेटी खाली सोडायला लागले होते. माझा आवाज घोगरा आहे. बोटांना काम आहे ना, म्हणून मी वर्षानुवर्षं तोंड मिटून वाजवत आले. तोंड उघडलं तेव्हा आधी नुसता हुंदका बाहेर आला. मग पहिली ओळ आली, मध्येच तुटलेली, नको तिथे श्वास घेतलेली. पण सुरात आली. दुसऱ्या ओळीला मागून एक बाई आली, मग सगळ्या आल्या. पेटी तळाला टेकली तरी आम्ही थांबलो नाही. सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही.