पाहुण्यांसाठीचं तेल

माझा नवरा ऑफिसच्या कामासाठी स्पेनला गेला. तिथे एका शनिवारी कुणीतरी त्याला ऑलिव्हची बाग आणि तेलाची गिरणी दाखवली, आणि आमच्या ऑस्ट्रेलियातल्या, वेरिबीच्या घरी एक आचार्य परत आला. बॅगेत कपड्यांत गुंडाळलेल्या काळपट हिरव्या बाटल्या होत्या. माझ्यासाठी काय आणलंस, असं विचारायची सोयच नव्हती.

त्यानंतर जो दारात येईल त्याला व्याख्यान. ऑलिव्ह पिकून काळी होण्याची वाट बघायची नाही, हिरवी असतानाच झाडं हलवून पाडायची. तेल कमी निघतं, पण काय निघतं! पाडली की त्याच दिवशी गिरणीत न्यायची, बियांसकट चिरडायची, लगदा हळूहळू घुसळायचा आणि यंत्रात गरगर फिरवून तेल वेगळं काढायचं. उष्णता द्यायची नाही. उष्णतेने तेल जास्त सुटतं, पण वास जातो. हे सगळं अशा थाटात, की जणू आपल्याकडे घाणा कुणी पाहिलाच नव्हता.

मग चाखण्याचा कार्यक्रम. छोट्या ग्लासात तेल घ्यायचं, वरून तळहाताने झाकून ते कोमट करायचं, वास घ्यायचा आणि मोठ्याने फुरका मारायचा. आमचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या बाबांनी बशीतून चहाचा फुरका मारला, तेव्हा याच माणसाच्या भुवया वर गेल्या होत्या. असो. एक तेल मऊ, बदामाच्या चवीचं. दुसऱ्याला ओल्या गवताचा, टोमॅटोच्या पानांचा वास, चवीला कडू आणि घशात तिखट. मान अर्थातच कडूचा. आमचा दिल्लीचा मित्र खोकून खोकून लाल झाला.

"यार, ये तेल है या काढ़ा?"

"खोकला आला म्हणजे अस्सल, मेट!" आचार्य खूश.

"खोकला आला तर मी हळदीचं दूध देते," आई म्हणाली.

आई म्हणजे माझी आई. बाबा गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून मीच तिला इकडे आणलं होतं, कायमची राहा म्हणून. ती मात्र जावयाच्या घरी राहावं तशी राहत होती. फ्रिज उघडायला विचारायची. साड्या कपाटात लावायची नाही, बॅगेतच. "व्हिसा आहे तोवर राहते गं. लेकीच्या दारात किती दिवस काढायचे?" हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. ती त्या बंद फ्लॅटमध्ये एकटी परत जाईल या विचाराने मला धडकी भरायची. पण हे घर तिचंही आहे, हे तिच्या मनात हट्टाने उतरवता येत नव्हतं, आणि मला हट्टाशिवाय दुसरं काही येत नाही.

नवऱ्याने कडू तेलाची एक बाटली खास तिला दिली. "आई, ही तुमची. ठेच्यावर, चटणीवर घ्या."

"अहो, कशाला एवढं भारीतलं," म्हणत तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि चांगल्या कपबशांच्या मागे नेऊन ठेवली. पाहुण्यांसाठी. आमच्या माहेरची ही थोर परंपरा. नव्या चादरी पाहुण्यांसाठी, केशर पाहुण्यांसाठी. घरच्यांनी टवके उडालेल्या कपातून चहा पीत पाहुण्यांची वाट बघायची.

आचार्यांनी समजावलं की तेल म्हणजे लोणचं नव्हे, ते मुरत नाही. ठेवलं की वास उडतो, उजेड लागला की लवकर खवट होतं. आईने सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि बाटली कपाटात आणखी आत सरकवली, उजेड लागू नये म्हणून.

"आई, तुला दिलंय ते. तू नाही खाणार तर कोण खाणार?"

"येईल की कुणी."

"आजी, इट्स जस्ट ऑइल," माझी मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली.

"हो गं राणी," म्हणत आजीने आपल्या चटणीवर सूर्यफुलाचं तेल घेतलं.

शेवटी पाहुणे आले. नवऱ्याच्या ऑफिसमधला एक ऑस्ट्रेलियन आणि त्याची बायको, रविवारी जेवायला. आईने पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला, आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच ती बाटली टेबलावर आणली. पाहुण्यांच्या ठेच्यावर सढळ हाताने धार सोडली. दोघंही खोकले. ठेच्याने की तेलाने, देव जाणे. आचार्यांनी श्रेय तेलाला दिलं.

"ब्यूटिफुल," पाहुणा डोळे पुसत म्हणाला.

मी संधी साधली. बाटली उचलून आईच्या ताटाकडे नेली. तिने ठेच्यावर हात आडवा धरला.

"अगं, मला काय घालतेस? त्यांना घाल. आपण घरचे, आपल्याला सूर्यफुलाचं चालतं."

माझं भाषण तयार होतं. पण 'आपण घरचे' हे ती माझ्याकडे न बघताच, सहज बोलून गेली होती. तिचं लक्ष पाहुण्यांच्या संपत आलेल्या पिठल्याकडे होतं. मला रडूच आलं.

"ठेचा फार झणझणीत झालाय का?" नवऱ्याने विचारलं.

हो म्हटलं. मग बाटली पाहुण्यांपुढे सरकवली, ओट्यावरून सूर्यफुलाचं तेल आणलं आणि आधी तिच्या ठेच्यावर घातलं, मग माझ्या.