तक्त्यात नसलेला पिस्टन

धाकट्या भावाने स्वेच्छानिवृत्ती घेतली, हे मला त्याने सही करून आल्यावर कळले. त्याचा कारखाना सरकारी होता, आणि सरकारी कारखान्यातून माणूस म्हातारा होऊनच बाहेर पडतो, अशी आमच्या घराची समजूत होती. तो चाळिशीच्या आतच बाहेर पडला. वडिलांची जुनी गाडी कुकटपल्लीला त्याच्या दारात उभी होती. तिचे इंजिन नव्याने बांधून ती भाड्याने चालवायची, असे त्याने ठरवले. शहरातल्या आबिड्स भागात एका नव्या खासगी कचेरीला माणसांची ने-आण करायला गाडी हवी होती. अट एकच होती: सोमवारी सकाळी नऊला गाडी दारात दिसली पाहिजे.

मी हिमायतनगरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. सुटे भाग मी निवडून देतो, असे मी आपण होऊन म्हटले. भावाने हरकत घेतली नाही. लहानपणी त्याचा गृहपाठ मीच तपासत असे.

इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा उंचवटे असलेला दांडा करतो आणि मिटण्याचे काम स्प्रिंगा करतात. व्हॉल्व्हची दांडी तिच्या नळीत सैलही नको आणि अडकायलाही नको. स्प्रिंग पुरती दाबली गेल्यावर तिचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत. म्हणून यांतला एक भाग बदलला की बाकीचे त्याच्याशी जुळतात की नाही, हे तपासावे लागते.

त्या दिवसांत बाजारात पूर्वी कधी न दिसलेला माल येऊ लागला होता. राणीगंजच्या दुकानात मला एक नवा कॅमशाफ्ट दाखवण्यात आला. तो व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा आणि जास्त वेळ उघडे ठेवणारा होता. जुनी गाडी नव्या गाड्यांच्या बरोबरीने पळेल, असे दुकानदार म्हणाला. रस्त्यावर नव्या गाड्या रोज वाढत होत्या आणि माझ्या भावाला त्यांच्यातच उभे राहायचे होते. मी तो घेतला. शाळेचे व्हर्नियर कॅलिपर परवानगीने घरी आणले, आलेखाच्या कागदावर तक्ता आखला आणि प्रत्येक भागाचे माप त्यात भरले. व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, दांड्या, सगळे एकमेकांशी जुळले. हेड म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, व्हॉल्व्ह त्यातच बसतात; ते वाकले होते म्हणून लेथवर तासून सपाट करून घेतले होते. त्यामुळे कॅमशाफ्टची उचल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या दांड्या किती आखूड लागतील, तेही मी काढले.

ज्या गॅरेजात इंजिन बांधले जात होते, तिथले मुख्य मिस्त्री, म्हणजे उस्ताद, साठीचे होते. त्यांनी तक्ता आदराने पाहिला, घडी घालून परत दिला आणि जेवणाच्या डब्यातून कच्च्या कणकेचा गोळा काढला. घरून तो याच कामासाठी येत असे. हेड बसवण्यापूर्वी पिस्टनच्या माथ्यावर कणकेची चकती ठेवायची, इंजिन हाताने दोनदा फिरवायचे, हेड पुन्हा उघडायचे आणि कणकेवर व्हॉल्व्हचा ठसा किती खोल उमटला ते पाहायचे, ही त्यांची रीत होती.

इंजिनात कणीक नको, असे मी सांगितले. मोजमाप झालेले असताना पिठाचे काय काम? ते हसले.

"मास्टरसाब, आपका हिसाब कागज पे है. आटा अंदर जाको देखता."

मी ऐकले नाही. मास्तरांचा मान म्हणून त्यांनी गोळा डब्याच्या झाकणावर ठेवला आणि हेड बसवले. तो शुक्रवार होता. नमाजाला निघताना त्यांनी बजावले, "मैं आए तक हाथ नक्को लगाओ."

ते गेल्यावर भाऊ थोडा वेळ थांबला. मग त्याने पुढच्या बाजूने हँडल लावले आणि फिरवू लागला. अर्ध्या फेरीत हँडल अडले.

"दादा, अडतंय रे."

नवे बांधलेले इंजिन घट्ट असतेच, हे मी वर्गात सांगावे तसे सांगितले. "जोर लाव."

त्याने अंगाचा भार टाकला. आतून एक आवाज आला, कोरडा आणि लहान, खडूचा तुकडा मोडावा तसा. भावाने हँडल सोडून हात मागे घेतला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिशातला तक्ता काढला आणि वरून खाली वाचत गेलो. एकही आकडा चुकला नव्हता.

उस्ताद आले, आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता हेड खोलू लागले. एक व्हॉल्व्ह वाकला होता. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी ताजी खूण होती. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवत होता, म्हणून पिस्टन पार वर आला तरी ते मिटलेले नव्हते. तासलेल्या हेडने त्यांना आणखी खाली आणले होते. मी तक्त्याला 'व्हॉल्व्ह' असे शीर्षक दिले होते, आणि पिस्टन माझ्या लेखी दुसरा धडा होता. तो मी कुठेच लिहिला नव्हता. तक्ता हातात धरून मी तसाच उभा राहिलो. झाकणावरच्या कणकेला वरून पापुद्रा धरला होता.

नवा व्हॉल्व्ह मिळायला मंगळवार उजाडला. सोमवारी भाऊ बसने आबिड्सला जाऊन स्वतः सांगून आला. तोवर कचेरीच्या दारात दुसरी गाडी लागली होती. मला त्याने एवढेच सांगितले. दोष दिला असता तर मला सोपे गेले असते.

उस्तादांनी जुना कॅमशाफ्ट फेकला नव्हता. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो दांडा त्यांनी परत बसवला. या वेळी पिस्टनवर कणीक मी माझ्या हाताने ठेवली. हेड बसले. भावाने हँडल माझ्यापुढे धरले.

"आता तूच फिरव, दादा."

मी दोन फेऱ्या फिरवल्या. प्रत्येक इंचाला मी थांबत होतो. कुठेही अडले नाही. हेड उघडले, कणकेवरचा ठसा सुरीने कापला आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावले. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात उरलेली जागा तीन मिलिमीटरला किंचित कमी भरली. तो आकडा मी मोठ्याने वाचला.

"पुरेल का?" भावाने विचारले. माप माझ्या हातात होते, पण तो पाहत होता उस्तादांकडे.

"हौ, बस है," उस्ताद म्हणाले. तेव्हा कुठे त्याने कणीक पुसून हेड परत ठेवले आणि पाना उचलून तो नट आवळायला वाकला.