आबांच्या कपाळावरचं पाणी

लहानपणी संडे स्कूलच्या बाईंनी नरकातल्या आगीच्या तळ्याचं वर्णन केलं त्या रविवारी मी धरणगावला घरी आले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रडत सांगितलं, "तुम्ही नरकात जाणार!" आई ख्रिस्ती, मीही, आबा मात्र हिंदूच राहिलेले. ते पोट धरून हसले. "मे महिनाना उन्हमा वावरमा उभा ऱ्हास मी. माले कसानी भीती?"

चर्चला मात्र आमच्यासोबत जळगावला यायचे. कापणीच्या सणाला पहिल्या वेचणीचा कापूस धोतराच्या फडक्यात बांधून आणायचे. उपासनेनंतर सगळ्या वस्तूंचा लिलाव होई, आणि आपलाच कापूस आबा सर्वांत मोठी बोली लावून परत घेत. लोक चिडवायचे, "आबा, आणायचाच कशाला मग?" चर्चचे पाळकसाहेब दर वर्षी हळूच बाप्तिस्म्याचं विचारत. "पाहू पुढना हंगामले," ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी आबा जळगावला दवाखान्यात होते आणि पुढचा हंगाम काही येणार नव्हता. आईनं बाप्तिस्म्यासाठी रोज विनवलं. आबा नाही म्हणून मान हलवायचे. एके दिवशी ती मला जिन्यात म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला. वर स्वर्गात मी एकटीनं काय करू गं?" मला तिचा राग आला, आबांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, देवाचाही आला. एवढं प्रेम करतोस म्हणतोस, मग या माणसापाशीच तुझं का अडावं?

दुपारी आई जेवायला गेली. आबांचे ओठ कोरडे पडले होते म्हणून मी कापसाचा बोळा भिजवला. ओठ ओले केले. मग काय अंगात आलं कोण जाणे! ते झोपलेत असं पाहून तोच बोळा तीनदा त्यांच्या कपाळावर पिळला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. न विचारता कुणाचा बाप्तिस्मा करतात का? तोही सख्ख्या बापाचा, चोरून?

आबा डोळे न उघडता म्हणाले, "व्हयनं का समाधान? आते कान पुस, पानी गये त्यामा." कान पुसताना मला हुंदका आवरेना. "तुनी मायले सांगी देजो," एवढंच पुढे बोलले.

मी आईला सांगितलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. मला घास उतरला नाही. आबांनी विश्वास धरला नव्हता, पश्चात्ताप तर नाहीच नाही. आम्हा दोघींना बरं वाटावं म्हणून गुपचूप पडून राहिले. हे देवाकडे चालतं का? पाळकसाहेबांना विचारायची माझी छाती झाली नाही, अजूनही नाही.

तिसऱ्या दिवशी आबा गेले. भाऊबंदांनी त्यांच्या रीतीनं धरणगावला अग्नी दिला. बायका स्मशानात कशाला, असं कुणी कुरकुरलं, पण आई हटली नाही. चिता पेटली तसा तिनं माझा दंड घट्ट धरला.

"पुन्हा नाही ना गं जळणार ते?"

"नाही," मी म्हणाले.

तेव्हापासून माझं प्रार्थनेत मन लागत नाही. गुडघे टेकले की एकच तोंडात येतं: देवा, मी आईला नाही जळणार म्हणून बसले आहे. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.