मीठ घातलेला बर्फ

सातपाटीच्या जमनाला बर्फ कुणी शिकवायची गरज नव्हती. पापलेट कधी दाबायचं, बर्फ किती बारीक फोडायचा, गिऱ्हाईक लांबचं असेल तर वरून जाडं मीठ मारायचं म्हणजे गारवा कडक होतो, हे सगळं तिच्या हातात लहानपणापासून होतं. बोईसरच्या बाजारात ती पाटी लावायची. कुणी भाव फारच पाडला की म्हणायची, "शेठ, फोटो काडून न्या. तो फुकट हाय."

नवरा वारलेला. एक मुलगा, दर्पण. एकनाथ तांडेलाच्या बोटीवर खलाशी होता. ऐन विशीत त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. आधी भगत झाला, कोंबडं झालं, मग गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं बरं वाटायचं, पण बोट आठवडाभर समुद्रात. तिथं गोळी द्यायला आई कुठून येणार? दर्पण गोळ्या माशांना खायला घालायचा आणि परत येताना कानातली माणसं घेऊन यायचा.

मग बोईसरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नवं इंजेक्शन आलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: औषध अतिसूक्ष्म कणांत भरलेलं असतं. धुळीपेक्षाही कितीतरी बारीक कण. ते अंगात सावकाश विरघळून जातात आणि विरघळता विरघळता महिनाभर थोडं थोडं औषध सोडतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून भोवती साबणाच्या जातीचं एक सौम्य द्रव्य असतं, शरीराला न बोचणारं.

"म्हनजे खडीसाखर चघलायची," जमना म्हणाली, "गिलायची नाय."

बरोबर समजली होती ती.

इंजेक्शन लागू पडलं. पावसाळ्यात बोटी बंद होत्या, तेव्हा दर्पण ओट्यावर बसून जाळी विणायचा, आईच्या चहाला नावं ठेवायचा. एकनाथ येऊन बघून गेला. म्हणाला, "पोरगा शुद्दीवर असंल तर घेतो. माज्या बोटीवर सगल्यांचा जीव असतो, जमनाबाय."

एवढंच हवं होतं तिला. कोळ्याच्या पोराला बोट नाही, तर मग काय आहे?

दर महिन्याला औषधाची बाटली गावातली नर्स दीपाली सिस्टर दवाखान्याच्या थंड पेटीतून आणायची आणि सुईही तीच द्यायची. नारळी पुनवेनंतर बोट निघणार, त्याच्या आदल्या दिवशी दीपालीची ड्युटी दुसरीकडे लागली. "मावशी, तुम्ही बाजारात असताच, येताना घेऊन या."

दवाखान्यात औषधाच्या खिडकीतल्या पोरानं बाटली दिली आणि सांगितलं, "थंड ठेवा हां. गरम होता कामा नये." बस्स. पाकिटावर 'गोठवू नका' लिहिलं होतं. इंग्रजीत.

जमनानं रिकामी मासळीची पेटी धुतली. ताजा बर्फ घेतला, बारीक फोडला, बाटली मधोमध दाबली. पोराचं औषध ते! वरून जाडं मीठ मारलं. घरी आली तर वीज गेलेली, फ्रीज बंद. पेटी सकाळपर्यंत उघडलीच नाही.

सकाळी दीपालीनं बाटली हातात घेतली. "मावशी, हे दगड झालंय."

"मंग! मी कदी गरम माल आनलाय का?"

दीपालीनं ती तळहातात धरून वितळवली. तळाशी रव्यासारखा गाळ बसला होता. हलवलं तर फेस आला, रवा तसाच. दवाखान्याला फोन लावला, कुणी उचलला नाही. बंदरावरून एकनाथची हाक आली.

"सिस्टर, दे ना गं. भरती थांबते काय कोनासाठी?" जमना म्हणाली.

पहिली सुई अडकली. दीपालीनं जाड सुई घेतली.

पहिले दोन दिवस दर्पण बोटीवर नुसता झोपला. उठवलं तर पाय लटपटत. खलाशी हसले, "तांडेल, खलाशी आनला का जावई?" मग तो जागा झाला आणि म्हणाला, पाण्यातून बाबा बोलावतोय. उडी मारली. दोघांनी केसाला धरून वर ओढलं. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा एकनाथनं त्याला केबिनच्या खांबाला बांधलं, टाकलेली जाळी दोर कापून समुद्रात सोडली आणि बोट वळवली.

बंदरावर त्यानं स्वतःच्या हातानं गाठ सोडली. "मी बांदला म्हनून राग धरू नको, जमनाबाय. पन पुना नको आनू त्याला."

जमना त्याला घरी नेऊन मनगटावरच्या वळांना खोबरेल चोळत बसली.

तिच्याबरोबर दवाखान्यात मी, तिचा शेजारी, गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, गोठलं की कण एकमेकांना चिकटतात, ते सौम्य द्रव्य मग त्यांना सुटं ठेवू शकत नाही. थोडं औषध एकदम सुटलं असेल, उरलेलं गुठळीत अडकलं असेल. "बाई, थंड सांगितलं होतं. गोठवायला कुणी सांगितलं?"

माझं डोकं फिरलं. "सातपाटीच्या बाईला 'थंड' म्हटल्यावर ती काय करील, हे कळायला कुठली डिग्री लागते?" बराच आवाज चढला, शिपाई आला. आता त्या खिडकीवर मराठी पाटी आहे. पाटीनं बोट परत येत नाही.

जमना मात्र ओरडली नाही. तिनं एकच विचारलं. "मासली मेलेली असते, म्हनून बर्फात टिकते. तुमच्या औषदात जीव असतो काय, डाक्तर?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता इंजेक्शन पुन्हा थंड पेटीतून येतं. दर्पण शांत आहे, बायकांच्या ओळीत बसून वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत टाकतो. बोटी निघताना इंजिनं सुरू झाली की समुद्राकडे पाठ करतो.

जमना अजून बाजारात बसते. बर्फात मीठ घालत नाही. लांबची गिऱ्हाइकं कुरकुरतात, मावशी, घरी जाईस्तोवर माल नरम पडतो.

"पडू दे," ती म्हणते. फोटोची थट्टा आता ती करत नाही.